मार्जाराचें अन्न आणि मार्जाराचा स्वभाव

दिवेलागण झाली आणि शेगडीवर दुधाचें भांडें चढलें, कीं घरांतलें मांजर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं येऊन बसतें. डोळे अर्धवट मिटलेले, शेपटी पायांभोंवतीं गुंडाळलेली. पाहणाराला वाटावें, हा प्राणी ध्यानस्थ आहे. गृहिणीची पाठ वळते आणि झांकणी खणखणते. दूध सांडतें, मुलें हांसतात, आणि घरांतील वडील माणूस ठरलेला निवाडा देतो, ‘‘जात्याच चोर! त्याला कोण काय करणार?’’

हा निवाडा फार जुना आहे. मांजर चोर, मांजर कृतघ्न, मांजर लहरी, मांजर ढोंगी, असे चार आरोप पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर ठेवले गेले, आणि चारही सिद्ध झाले असें मानून लोक स्वस्थ बसले. परंतु या खटल्यांत आरोपीचें पोट तपासण्याची तसदी फारशी कोणीं घेतली नाहीं. मांजराच्या पोटांत काय पडतें आणि त्याचा त्याच्या वृत्तीशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचा इतिहास पाहूं गेल्यास तो उपनिषदांपासून वर्ध्याच्या मगनवाडीपर्यंत, आणि तेथून जपानच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोंचतो.

अन्नाचा मनावर परिणाम होतो, ही समजूत आपल्याकडे नवी नाहीं. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आरुणि आपला पुत्र श्वेतकेतु यास मन हें अन्नमय आहे असें सांगतो, आणि नुसतें सांगून थांबत नाहीं. तो पुत्राला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून केवळ पाण्यावर राहावयास लावतो. सोळाव्या दिवशीं श्वेतकेतूला पाठ केलेले वेद आठवेनात. अन्न घेतल्यावर ते पुन्हां आठवूं लागले. आहार आणि मन यांच्या संबंधाचा इतका साधा आणि इतका स्पष्ट प्रयोग जुन्या वाङ्मयांत क्वचितच सांपडेल. पुढें गीतेच्या सतराव्या अध्यायांत आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भाग केले गेले. गीतेचें म्हणणें, कोणत्या प्रकृतीच्या माणसास कोणतें अन्न प्रिय होतें, असें आहे. लोकांनीं तें उलटें करून घेतलें आणि जसें अन्न तशी प्रकृति, असा सुटसुटीत नियम बनविला.

मांजराच्या बाबतींत मात्र याच लोकांनीं अगदीं विरुद्ध मत बाळगलें. मांजरानें कांहींहि खाल्लें, कसलेंहि व्रत धरलें, तरी तें मांजरच राहणार, अशी त्यांची खात्री. महाभारताच्या उद्योगपर्वांत दुर्योधन उलूकाच्या मुखानें पांडवांकडे जो निरोप धाडतो, त्यांत गंगातीरीं हात वर करून तप करणाऱ्या मार्जाराची कथा आहे. भोळे उंदीर त्याच्या आश्रयास गेले आणि एकेक करून नाहींसे झाले. मनुस्मृतीनें ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’ हें नांव दिलें. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिलापटावर उभें राहून तप करणारें मांजर आणि त्याच्याभोंवतालचे उंदीर आजहि पाहावयास मिळतात. कोरणाऱ्या कारागिरानें तेथें थोडें हंसून घेतलें आहे, हें उघड आहे.

म्हणजे माणसाचा स्वभाव अन्नानें घडतो आणि मांजराचा अन्नानें बदलत नाहीं, अशा दोन समजुती एकाच घरांत शेजारीं शेजारीं नांदत आल्या. त्यांपैकीं पहिलीची कसोशीनें परीक्षा जेथें झाली, तें ठिकाण वर्धा होय.

डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यास झाली. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग संघास दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हें नांव मिळालें. जे. सी. कुमारप्पा यांच्या हातीं संघाची सूत्रें होतीं. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचें पीठ, घाणीचें तेल, गूळ, हे त्या संघाचे विषय. १९३५ सालीं महात्माजी मगनवाडींत राहत असतां तेथील पंगत ही एक प्रयोगशाळाच झाली होती. सोयाबीन खाऊन पाहिलें गेलें, कच्चा पाला खाऊन पाहिला गेला, आणि त्यांचे अनुभव ‘हरिजन’ पत्रांत छापले गेले. ३० एप्रिल १९३६ रोजीं महात्माजी जवळच्या शेगांवीं राहावयास गेले. १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. तेथें भणसाळींसारखे साधक कच्चें पीठ आणि कडुनिंबाचा पाला यांवर दिवस काढीत. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वादाचें व्रत होतें, तें कांहीं केवळ काटकसरीसाठीं नव्हे. जिभेवर ताबा आला तर विकारांवर ताबा येईल, अन्न शुद्ध झालें तर चित्त निवळेल, ही त्यामागची श्रद्धा होती.

श्रद्धा होती खरी, परंतु तिच्याबरोबर एक शिस्तहि होती, आणि ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. प्रयोग फसला तर तो फसला असें जाहीर करावयाचें. १९२९ सालीं महात्माजींनीं न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभिला. आमांशानें तो सोडावा लागला, आणि तो सोडल्याची हकीकत त्यांनीं स्वतःच ‘यंग इंडिया’ पत्रांत दिली. दुधाचें व्रत त्यांनीं १९१२ सालीं घेतलें होतें. पुढें कठीण दुखण्यांतून उठतांना शेळीचें दूध घ्यावें लागलें, आणि दुधाची जागा भरून काढील असें वनस्पतिजन्य अन्न आपणांस सांपडलें नाहीं, ही कबुली त्यांनीं अनेकदां दिली. दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची. ज्याच्या पोटावर प्रयोग व्हावयाचा, तो स्वतः प्रयोग करणारांपैकींच असे. त्यानें होकार दिलेला असे, आणि नको वाटल्यास उठून जाण्याची त्याला मुभा असे.

ज्यांना होकार देतां येत नाहीं अशा प्राण्यांवर याच सुमारास दोन मोठे प्रयोग चालले होते. पहिला निलगिरींतील कुन्नूर येथें. तेथील पोषणविषयक संशोधनाचे प्रमुख रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनीं उंदरांचे दोन गट केले. एकाला पंजाबांतील शीख लोकांचें अन्न दिलें: कणकेची पोळी, लोणी, दूध, डाळ, ताज्या भाज्या आणि अधूनमधून मांस. दुसऱ्याला इंग्लंडांतील गरीब वर्गाचें अन्न दिलें: पांढरा पाव, मार्गारिन, साखरेचा चहा, उकडलेल्या भाज्या, डब्यांतलें मांस आणि स्वस्त मुरंबा. पहिल्या गटांतील उंदीर वाढले आणि गुण्यागोविंदानें राहिले. दुसऱ्या गटांतील उंदीर खुरटले, भेदरट झाले, खावयास घालणाराच्या हाताला चावूं लागले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास आपल्यांतील दुबळ्यांना मारून खाऊं लागले. मॅक्कॅरिसन यांनीं हे निष्कर्ष १९३६ सालीं लंडन येथील व्याख्यानांत मांडले. जात, वय आणि वजन सारखें असूनहि केवळ अन्नाच्या फरकानें एका पिंजऱ्यांत शेजारधर्म राहिला आणि दुसऱ्यांत तो उरला नाहीं.

दुसरा प्रयोग खुद्द मांजरांवर झाला. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत फ्रान्सिस पॉटेंजर नांवाच्या डॉक्टरांनीं १९३२ पासून १९४२ पर्यंत सुमारें नऊशें मांजरें पाळलीं. तीं औषधांच्या परीक्षेसाठीं ठेविलेलीं होतीं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील शिजलेल्या मांसाचे तुकडे त्यांना मिळत. मांजरें वाढलीं आणि मांस अपुरें पडूं लागलें, तेव्हां कांहीं पिंजऱ्यांना कच्चें मांस मिळूं लागलें. थोड्याच महिन्यांत दोन्हीं प्रकारच्या पिंजऱ्यांत एवढा फरक दिसला कीं डॉक्टरांनीं त्याचाच अभ्यास आरंभिला. कच्च्या मांसावरचीं मांजरें धट्टींकट्टीं आणि मायाळू राहिलीं. शिजलेल्या मांसावरचीं पिढीगणिक खंगत गेलीं, आणि त्यांचा स्वभावहि पालटला. माद्या चिडखोर झाल्या. कित्येकींना हात लावणेंहि धोक्याचें ठरलें. बोके मात्र निस्तेज आणि मवाळ झाले. तिसऱ्या पिढीचीं पिलें मोठीं होण्यापूर्वींच मरत.

पॉटेंजर यांनीं यावरून माणसानेंहि कच्चें अन्न खावें, असा निष्कर्ष काढण्याची घाई केली. तो टिकला नाहीं. कारण मांजर म्हणजे लहान माणूस नव्हे. त्या मांजरांचें काय बिघडलें होतें, याचा मोठा धागा पुढें चाळीस वर्षांनीं हातीं लागला. १९७५ सालीं अमेरिकेंतील तिघां संशोधकांनीं दाखविलें कीं, टॉरीन नांवाचें एक द्रव्य आहारांत नसेल तर मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजत जातो आणि अखेर तें आंधळें होतें. माणूस हें द्रव्य आपल्या शरीरांत तयार करूं शकतो. मांजराला तें पुरेसें तयार करतां येत नाहीं. तें मांसांत आणि माशांत असतें, धान्यांत आणि डाळींत जवळजवळ नसतें, आणि पाण्यांत शिजवून पाणी टाकून दिलें तर त्याचा बराचसा भाग पाण्याबरोबर जातो. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. हृदयाचे स्नायु सैल पडून मरणाऱ्या कित्येक मांजरांच्या रक्तांत टॉरीन कमी होतें, आणि तें अन्नांतून दिल्यावर त्यांचीं हृदयें पुन्हां सुधारलीं. दुकानांतील तयार अन्नांत टॉरीन मुद्दाम पुरेसें मिसळण्याचा प्रघात त्यानंतर दृढ झाला.

एवढेंच नव्हे. माणूस गाजरांतील पिवळ्या द्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवितो. मांजराला तें साधत नाहीं, त्याला तें प्राण्यांच्या यकृतांतून किंवा चरबींतून आयतेंच मिळावें लागतें. माणसाला प्रथिनें कमी मिळालीं तर शरीर खर्च आंखडतें. मांजराचें शरीर तो खर्च फारसा आंखडूंच शकत नाहीं. आर्जिनीन हा प्रथिनांतील एक घटक अजिबात नसलेलें कृत्रिम अन्न मांजरांना एकदांच दिलें, तर कांहीं तासांतच रक्तांत अमोनिया सांचून तीं ओकूं लागतात, लाळ गाळतात आणि झोकांड्या खातात, असें १९७८ सालीं सिद्ध झालें. वाघाची मावशी म्हणून तिची थट्टा होते, परंतु आंतड्यांच्या दृष्टीनें तें नातें अगदीं खरें आहे. वर्धा जिल्ह्यांतील बोर अभयारण्यांत, जें २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, हिंडणारा वाघ आणि वर्ध्याच्या ओसरीवर झोपणारें मांजर यांच्या पोटाचे नियम एकच आहेत.

येथें वर्ध्याच्या तांदळाकडे पुन्हां वळावें लागतें. मगनवाडींत हातसडीच्या तांदळाचा एवढा आग्रह कां होता? गिरणींत तांदूळ पांढरा शुभ्र करतांना जो कोंडा जातो, त्यांत ब१ जीवनसत्त्व असतें. डच डॉक्टर आयकमन यांना जावा बेटांत १८९० नंतरच्या दशकांत सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडलेल्या दिसल्या, आणि त्या शोधांतून पुढें बेरीबेरीचें कारण उलगडलें. १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हेंच ब१ जीवनसत्त्व मांजराला माणसाहून पुष्कळ अधिक लागतें. तें न मिळाल्यास प्रथम त्याची भूक जाते. मग मान छातीकडे झुकते, पाय लटपटतात, बाहुल्या मोठ्या होतात आणि अखेर झटके येतात. फार वेळ शिजविलेल्या अन्नांत हें जीवनसत्त्व नष्ट होतें. कांहीं जातींच्या कच्च्या माशांत तर त्याचा नाश करणारें द्रव्यच असतें. अशा मांजराला पाहून घरचे लोक म्हणतात, ‘‘याला वेड लागलें.’’ वेड नव्हे. तो ताटांतील उणेपणा असतो.

अन्नानें मांजराची वृत्ति पालटते, याचा सर्वांत भयंकर पुरावा जपाननें पाहिला. मिनामाता नांवाच्या उपसागराच्या काठीं कोळ्यांचीं मांजरें १९५० नंतरच्या वर्षांत विचित्र वागूं लागलीं. तीं गरगर फिरत, नाचल्यासारख्या उड्या मारीत, आणि कित्येक समुद्रांत पडून मरत. लोक या दुखण्याला मांजरांच्या नाचाचा रोग म्हणत. मे १९५६ मध्यें तींच लक्षणें माणसांत आढळल्याची अधिकृत नोंद झाली. जवळचा रासायनिक कारखाना पाऱ्याचें विष समुद्रांत सोडीत होता. तें माशांत सांचे, आणि मासे मांजराच्या व माणसाच्या पोटांत जात. कारखान्याच्या रुग्णालयांतील डॉक्टर होसोकावा यांनीं १९५९ सालीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांत मिसळून एका मांजराला दिलें. त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. त्यालाहि तोच रोग झाला. परंतु ही गोष्ट त्या वेळीं बाहेर पडूं दिली गेली नाहीं, आणि सरकारनें खरें कारण मान्य करण्यास १९६८ साल उजाडलें. मांजरांचें वागणें हा तेथें पहिला इशारा होता. तो वेळींच वाचला गेला असता, तर पुष्कळ माणसें वांचलीं असतीं.

इतकी भीषण कथा दूरदेशची. परंतु तिचा धडा आपल्या ओसरीवरहि लागू पडतो. मांजर बोलत नाहीं, तें वागतें. त्याच्या वागण्यांत फरक पडला, तर प्रथम त्याच्या स्वभावाला नांवें न ठेवतां त्याची वाटी पाहावी.

त्या वाटींत बहुतेक घरीं काय असतें? दूधभात, किंवा दुधांत कुसकरलेली पोळी. आर्वीकडच्या गौळाऊ गाईचें दूध असो कीं पिशवींतलें असो, त्यांतील साखर पचविण्याची शक्ति पुष्कळशा मांजरांत पिलूंपण सरल्यावर उरत नाहीं. मग पोट गुडगुडतें, शौच बिघडतें, आणि नेहमीं मातींत खळगा करून मळ झांकणारा हा स्वच्छताप्रिय प्राणी घरांत घाण करूं लागतो. त्यावर त्याला मार बसतो. मारामुळें तो लपतो, लपल्यामुळें भित्रा होतो, आणि भित्र्या मांजराला हात लावावयास गेलें कीं तें ओरबाडतें. आरंभ दुधानें झाला आणि शेवट ‘मांजर माजलें’ या शब्दांनीं झाला.

भाताची कथा निराळी. भातानें पोट भरतें, परंतु त्यांत मांजराचें अन्न फार थोडें. पोट भरूनहि शरीर मागतच राहतें, आणि मग तें शिंक्याकडे, शेजारच्या ओट्याकडे, कोंबडीच्या पिलांकडे वळतें. शिंक्याचें तुटलें आणि बोक्याचें फावलें, असें आपण म्हणतों. बोका तेथें कां टपून बसला होता, हें विचारीत नाहीं. गोडाचा मोह तर त्याला नाहींच. गोड रुचि ओळखण्यासाठीं लागणारा एक आनुवंशिक घटक मार्जारकुळांत मोडलेला आहे, असें २००५ सालीं आढळून आलें. शिऱ्याच्या पातेल्यांत तोंड घालणाऱ्या मांजराला साखर कळत नाहीं. त्याला तूप कळतें.

खाण्याची वेळहि तितकीच महत्त्वाची. रानांतलें मांजर दोन वेळां पंगतीला बसत नाहीं. एका उंदरांत त्याचें फार थोडें भागतें. दिवसरात्र मिळून आठ-दहा उंदीर मिळाले तर त्याची गुजराण होते. म्हणजे थोडें थोडें, पुष्कळ वेळां, हा त्याचा नियम. आपण त्याला सकाळीं एकदां आणि रात्रीं एकदां वाढतों, आणि पहांटे तें उशाशीं येऊन ओरडलें कीं त्याला लहरी म्हणतों. तेंच अन्न चार-पांच वेळां विभागून दिलें, तर पुष्कळ घरांतील पहांटेचा हा तंटा कमी होईल. कांदा व लसूण घातलेलें वरण, भाजी अथवा रस्सा मात्र त्याला कधींहि देऊं नये. त्यांतील द्रव्यें मांजराच्या रक्तांतील तांबड्या कणांचा नाश करतात. मांजर पांढुरकें आणि मलूल होतें, आणि घरच्यांना वाटतें कीं तें आतां शांत झालें.

येथें कोणी शंका काढील, मांजराला मांसाचें अन्न दिलें तर त्याची क्रूरता वाढणार नाहीं काय? ही शंका सात्त्विक-तामस विचारांतूनच येते, आणि ती प्रामाणिक आहे. तिचें उत्तर अनुमानानें न देतां प्रत्यक्ष पाहून दिलें गेलें आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत २१९ घरांतील ३५५ शिकारी मांजरांवर पाळत ठेवण्यांत आली. १९३२ च्या कॅलिफोर्नियाप्रमाणें पिंजऱ्यांत नव्हे, तर आपापल्या घरीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांना धान्यविरहित, भरपूर मांस असलेलें अन्न दिलें, त्यांनीं मारून घरीं आणलेल्या प्राण्यांची संख्या ३६ टक्क्यांनीं घटली. ज्यांच्याशीं घरची माणसें रोज पांच-दहा मिनिटें खेळलीं, त्यांच्या बाबतींत ती २५ टक्क्यांनीं घटली. म्हणजे योग्य अन्न मिळालेलें मांजर अधिक हिंस्र झालें नाहीं; उलट तें निवळलें. शिकारीची उर्मि समूळ जात नाहीं, कारण भूक आणि शिकार या मांजराच्या दोन निराळ्या वृत्ति आहेत. भरल्या पोटाचें मांजरहि उंदीर दिसतांच धांवतें. परंतु जी वखवख उणिवेंतून येते, ती उणीव भरली कीं कमी होते. श्वेतकेतूच्या बापाचें म्हणणें मांजराच्या बाबतींतहि खरें ठरलें. फक्त मांजराचें शुद्ध अन्न कोणतें, हें ठरविण्याचा अधिकार माणसाच्या पंगतीला नाहीं.

शाकाहारी घराला यांत खरी अडचण आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. ज्या घरांत कधीं मांस शिजलें नाहीं, त्या घरानें एका प्राण्यासाठीं तें आणावें काय? सेवाग्रामनें यासारख्याच एका अडचणीला उत्तर दिलें होतें. तेथें साप-विंचू फार. साप मारावयाचा नाहीं, हा आश्रमाचा नियम. म्हणून तो पकडण्याचा लांकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला असे, आणि पकडलेला साप दूर नेऊन सोडीत. सापानें दूध पिऊन साधु व्हावें, अशी अपेक्षा तेथें कोणीं केली नाहीं. त्याचा धर्म त्याच्यापाशीं, आपला धर्म आपल्यापाशीं, आणि दोहोंमध्यें पुरेसें अंतर, एवढीच व्यवस्था होती. मांजराशीं मात्र अंतर ठेवतां येत नाहीं, कारण आपण त्याला जवळ घेतलेलें असतें. सायप्रस बेटांत सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वीं माणसाच्या शेजारीं पुरलेल्या मांजराचा सांगाडा २००४ सालीं उजेडांत आला. तेव्हांपासूनची ही सोबत आहे. त्या सोबतीचा करार उंदरांवर झाला होता. माणसानें धान्य सांठविलें, धान्यावर उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आलें. पेवें बुजलीं, पक्कीं घरें झालीं, उंदीर कमी झाले. परंतु कराराची दुसरी बाजू आपण पाळली नाहीं, आणि उंदरांच्या जागीं दूधभात ठेवला.

तेव्हां मार्ग दोनच उरतात. मांजर पाळावयाचें तर त्याच्या पोटाला मानवेल असें अन्न त्याला द्यावें. मासा किंवा कोंबडीचें मांस मीठमसाल्यावांचून द्यावें, किंवा टॉरीन घातलेलें तयार अन्न द्यावें. तें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ठरवावें. अंड्यांतील प्रथिनें चांगलीं, परंतु एकट्या अंड्यानें टॉरीनची उणीव भरत नाहीं. हें मनाला पटत नसेल, तर गाय पाळावी, पोपटाला मोकळा सोडून त्याचें उडणें पाहावें. परंतु मांजराला पाळूं नये. आपल्या व्रताचें ओझें आपल्या पोटावर घेणें हें तप आहे. तेंच ओझें मुक्या प्राण्याच्या पोटावर टाकणें याला तप म्हणतां येत नाहीं. मगनवाडीच्या पंगतींत कडुनिंबाची चटणी वाढली जाई, परंतु ती खाणारा स्वेच्छेनें बसलेला असे, हें विसरूं नये.

१९३२ सालीं महात्माजी येरवड्याच्या तुरुंगांत होते. तेथें एका मांजरीनें पिलें घातलीं होतीं. देशांतील एवढी धामधूम चालूं असतां ते त्या मांजरीकडे लक्षपूर्वक पाहत, आणि आश्रमाला लिहितांना तिची स्वच्छता, मळ मातीनें झांकण्याची तिची काळजी, आणि न बोलतां पिलांना शिकविण्याची तिची हातोटी यांचें त्यांनीं कौतुक केलें. आपल्या आहारावर जन्मभर प्रयोग करणारा हा पुरुष त्या मांजरीपाशीं शिष्य होऊन बसला, आणि तिनें शिकविलें तें त्यानें लिहून घेतलें.

उंबरठ्याशीं डोळे मिटून बसलेल्या मांजरापाशींहि असेंच थोडा वेळ बसून पाहण्याजोगें आहे. तें चोरी करतें तेव्हां त्याला काय कमी पडलें, तें चिडतें तेव्हां त्याचें काय दुखतें, तें ओरडतें तेव्हां शेवटचें कधीं खाल्लें, हे तीन प्रश्न ज्या घरांत विचारले जातील, त्या घरांतील मांजराचे चारांपैकीं निदान तीन दोष हळूहळू नाहींसे होतील. चौथा, म्हणजे ढोंगीपणाचा आरोप, मात्र मागें घ्यावा लागेल. गंगातीरावरचें तें तप मांजरानें कधीं केलेंच नव्हतें. तें त्याच्यावर माणसानेंच लादलें होतें.